फ्यूजनचं आश्वासन नको, आराखडा हवा : महाराष्ट्राच्या खासदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून निवडून गेलेले लोकसभेचे 48 आणि राज्यसभेचे 19 सन्माननीय सदस्य

विषय : अणुसंमीलन ऊर्जेचा राष्ट्रीय आराखडा, निधी आणि नियम यांबाबत संसदेत प्रश्न मांडण्याची विनंती

स.न.वि.वि.

मी चंद्रपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. अणुगर्भाचा धडा आला की गेली काही वर्षं मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘मॅडम, तो कृत्रिम सूर्य चालू झाला की आपल्याकडचा कोळसा बंद होणार ना?’ मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ त्यांनी पाहिलेला असतो. आमच्या भोवती कोळशाच्या खाणी आहेत, गावाला लागून 2920 मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे, उन्हाळ्यात पारा 46-47 अंशांवर जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 सालीच चंद्रपूरला देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत धरलं होतं. इथल्या मुलांनी हा प्रश्न विचारायचा नाही तर कुणी? त्याचं भौतिकशास्त्रातलं उत्तर मी वर्गात देते. उरलेलं उत्तर संसदेत ठरतं, म्हणून हे पत्र आपल्याला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. अणुसंमीलनातून, म्हणजे सूर्यात घडतं तसे हलके अणुगर्भ जोडून ऊर्जा काढणाऱ्या फ्यूजनमधून, कार्बनमुक्त वीज मिळेल यावर माझा विश्वास आहे. पण येत्या वीस-पंचवीस वर्षांत ती कोळशाची जागा घेईल असं मला वाटत नाही. कुणी तसं सांगत असेल तर त्यावर विसंबून आपण आजचे निर्णय पुढे ढकलू नयेत. आणि वेळ लागणार आहे म्हणूनच या कामाला आतापासून सलग पैसा आणि ठरलेली दिशा हवी. आज आपल्याकडे दोन्ही नाही.

बातम्या काय सांगतात ते आधी पाहू. 5 डिसेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत 192 लेझर किरणांनी मिऱ्याएवढ्या एका इंधनगोळीवर मारा केला. लक्ष्यावर पोहोचलेली ऊर्जा 2.05 मेगाज्यूल, संमीलनातून निघालेली 3.15. लक्ष्यावर टाकलं त्यापेक्षा जास्त परत मिळालं, असं प्रयोगशाळेत पहिल्यांदाच घडलं आणि ते खरोखरच मोठं यश आहे. मात्र ते लेझर चालवायला विजेच्या जाळ्यातून सुमारे 300 मेगाज्यूल घ्यावे लागले होते. शिवाय वीज केंद्र चालवायचं तर असा मारा सेकंदाला दहाएक वेळा आणि वर्षानुवर्षं करावा लागेल. इंग्लंडमधल्या कलहॅम इथल्या ‘जेट’ या यंत्राने कायमचं बंद होण्याआधी, ऑक्टोबर 2023 मध्ये, पाच सेकंदांच्या एका प्रयोगात 69 मेगाज्यूल ऊर्जा दिली, तीही 0.2 मिलिग्रॅम इंधनातून. आपल्या वीजबिलाच्या हिशेबात ही 19 युनिट होतात, पण ती उष्णता होती, वीज नव्हे. फेब्रुवारी 2025 मध्ये फ्रान्सच्या ‘वेस्ट’ यंत्राने प्लाझ्मा, म्हणजे संमीलनासाठी लागणारा अतितप्त विद्युतभारित वायू, 22 मिनिटं टिकवून धरला. त्यात ट्रिटियम हे संमीलनाचं इंधन नव्हतंच, कारण तो ऊर्जा मिळवण्याचा प्रयोग नव्हता. म्हणजे ऊर्जा एका ठिकाणी मिळाली, टिकाव दुसरीकडे साधला. दोन्ही एकाच यंत्रात अजून जगात कुठेही जमलेलं नाही.

तरीही या वाटेने का जायचं? 1000 मेगावॉटच्या कोळसा केंद्राला वर्षाला सुमारे 27 लाख टन चांगल्या प्रतीचा कोळसा लागतो. आपल्या जास्त राखेच्या कोळशाचा आकडा त्याहून मोठा असतो. तेवढ्याच विजेसाठी फ्यूजन केंद्राला अदमासे 250 किलो इंधन पुरेल. ड्युटेरियम आणि ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनची दोन जड समस्थानिकं, एकत्र येतात, हेलियम तयार होतो आणि एक वेगवान न्यूट्रॉन सुटतो. कार्बन डायऑक्साइड या सगळ्यात कुठे निर्माणच होत नाही. समुद्राच्या एक घनमीटर पाण्यात सुमारे 33 ग्रॅम ड्युटेरियम असतं. ऊन नसलं, वारा पडला, तरी असं केंद्र चालू राहू शकतं.

जैतापूरच्या वादामुळे ‘अणू’ म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या मनात पहिला प्रश्न सुरक्षिततेचा येतो, आणि तो यायलाच हवा. संमीलनात साखळी प्रक्रिया नसते. यंत्राच्या पोटात कोणत्याही क्षणी फार तर काही ग्रॅम इंधन असतं आणि काहीही बिघडलं की प्लाझ्मा थंड होऊन प्रक्रिया थांबते. हजारो वर्षं सांभाळावं लागणारं वापरलेलं इंधन इथे मागे उरत नाही. पण किरणोत्सार अजिबात नाही, हेही खरं नव्हे. ट्रिटियम किरणोत्सारी आहे आणि पाण्यात सहज मिसळतं. न्यूट्रॉनच्या माऱ्याने यंत्राचं पोलादही किरणोत्सारी होतं. योग्य पोलाद वापरलं तर साधारण शंभर वर्षांत ते बऱ्यापैकी निवळेल असा अंदाज आहे. असं पोलाद आपल्या देशातही विकसित झालं आहे. गावकऱ्यांना हे सगळं पहिल्या दिवसापासून सांगितलं पाहिजे. ‘पूर्ण निर्धोक’ असं सांगून सुरू केलेला प्रकल्प पहिल्या गळतीला लोकांचा विश्वास गमावून बसतो.

आता अडचणींकडे येते, कारण त्या समजल्या की पैसा नेमका कुठे लागतो ते कळतं.

सर्वांत मोठी अडचण इंधनाची आहे आणि ती बातम्यांत कधीच येत नाही. ट्रिटियम निसर्गात जवळपास नाहीच. त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, म्हणजे नुसतं साठवून ठेवलं तरी ते घटत जातं. जगातला नागरी वापराचा साठा 25-30 किलोच्या घरात आहे आणि तो प्रामुख्याने कॅनडातल्या जड पाण्याच्या, म्हणजे ड्युटेरियम असलेल्या पाण्याच्या, अणुभट्ट्यांतून येतो. वर सांगितलेल्या 1000 मेगावॉटच्या एकाच केंद्राला वर्षाला शंभर किलोहून जास्त ट्रिटियम लागेल. तेव्हा ते केंद्राने स्वतःच तयार करायचं, अशी कल्पना आहे. प्लाझ्माभोवती लिथियमचं आवरण ठेवायचं, सुटलेला न्यूट्रॉन त्यावर आदळला की ट्रिटियम मिळतं. जळेल त्यापेक्षा थोडं जास्त मिळालं तरच केंद्र चालेल, नाहीतर इंधनाअभावी बंद पडेल. असं आवरण पूर्ण आकारात जगात कुणीही चालवून पाहिलेलं नाही. शिवाय यासाठी मुख्यतः लिथियम-6 लागतं आणि नैसर्गिक लिथियममध्ये ते जेमतेम साडेसात टक्के असतं. ते वेगळं काढण्याचे कारखाने वेगळे उभारावे लागतील.

इथे भारताची बाजू भक्कम आहे, आणि महाराष्ट्राचीही. अलिबागजवळ थळला जड पाण्याचा कारखाना आहे. भारत जगातल्या मोठ्या जड पाणी उत्पादकांपैकी एक असून निर्यातही करतो, तेव्हा ड्युटेरियमची चिंता नाही. आपल्या बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात आणि अशा भट्ट्यांत ट्रिटियम तयार होतंच. भाभा अणुसंशोधन केंद्र तुर्भ्याला आहे. कॅनडाखेरीज असं सगळं एका देशात असण्याची उदाहरणं थोडी आहेत. पण फ्यूजनसाठी ट्रिटियम आणि लिथियम-6 कुठून, कधीपर्यंत आणि किती मिळवायचं, याचं जाहीर राष्ट्रीय धोरण कुठे आहे?

दुसरी अडचण कारागिरीची. दक्षिण फ्रान्समध्ये कादाराश इथे ‘आयटर’ नावाचं जगातलं सर्वांत मोठं टोकामॅक, म्हणजे चुंबकांच्या जोरावर प्लाझ्मा कोंडून ठेवणारं कड्याच्या आकाराचं यंत्र, उभं राहतंय. युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत असे सात भागीदार आहेत. आत 15 कोटी अंश सेल्सिअसचा प्लाझ्मा आणि काही मीटर अंतरावर उणे 269 अंशांचे अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणारे) चुंबक. मधल्या उष्णतारोधक पत्र्यांना थंड ठेवणाऱ्या नळ्या पत्र्यांवर वेल्ड केलेल्या आहेत. 2022 मध्ये या नळ्यांना सूक्ष्म भेगा सापडल्या. पत्र्यांवर चांदीचा मुलामा देण्याआधी पृष्ठभागावर जी प्रक्रिया केली, तिच्यातले क्लोरीनचे अंश वेल्डिंगच्या कडेला अडकून राहिले होते आणि त्यांनी धातू आतून खाल्ला. त्याच सुमारास, प्लाझ्मा ज्यात ठेवायचा त्या निर्वात पात्राच्या भागांच्या कडा ठरलेल्या मापापेक्षा काही मिलिमीटर पुढे-मागे आहेत, हेही उघड झालं. शेकडो टनांच्या त्या भागांना यंत्राने वेल्ड करायचं तर कडा तंतोतंत जुळायला हव्यात. यंत्र उभारण्याच्या विहिरीसारख्या खड्ड्यात उतरवलेला भाग 2023 मध्ये पुन्हा वर काढावा लागला. कडांवर धातू चढवून, कुठे घासून, मापं जुळवली गेली. नळ्या बदलल्या. एप्रिल 2025 मध्ये भाग परत बसवायला सुरुवात झाली. या दुरुस्त्या, महासाथ आणि आराखड्यातले बदल यांमुळे वेळापत्रक बदललं. ड्युटेरियम-ट्रिटियमचे खरे प्रयोग आधी 2035 ला होणार होते, ते आता 2039 ला होतील. 50 मेगावॉट उष्णता टाकून 500 मेगावॉट मिळवणं हे उद्दिष्ट आहे. आयटर वीज तयार करणारच नाही. ते काम पुढच्या पिढीतल्या यंत्राचं.

ही हकीकत मी मुद्दाम तपशिलाने सांगितली. फ्यूजन लांबलं ते केवळ सिद्धांत अवघड म्हणून, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात वेल्डर, फिटर, निर्वाततंत्राचे तंत्रज्ञ, मापं तपासणारे अभियंते यांच्या हातावर हे यंत्र उभं राहतं. आणि या बाबतीत आपण मागे नाही. आयटरला चारही बाजूंनी वेढणारं क्रायोस्टॅट, जवळपास 29 मीटर उंच आणि तेवढ्याच व्यासाचं, सुमारे 3800 टन वजनाचं स्टेनलेस स्टीलचं पात्र, गुजरातमध्ये हजिराला लार्सन अँड टुब्रोने 54 भागांत घडवलं. ते जहाजाने फ्रान्सला गेलं आणि तिथे जोडलं गेलं. त्याचा तळ मे 2020 मध्ये, महासाथीच्या काळात, जागेवर बसला. निर्वाताला जराही गळती चालत नाही अशी किलोमीटरच्या हिशेबातली वेल्डिंग भारतीय कंपनीच्या जबाबदारीवर पार पडली. याचा मला अभिमान वाटतो, आणि वर्गात मी हे आवर्जून सांगते.

मग घरची स्थिती काय आहे? ऑगस्ट 1955 मध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा होते. दोन दशकांत नियंत्रित संमीलनाची पद्धत सापडेल, असं भाकीत त्यांनी तिथे केलं. ते खरं ठरलं नाही म्हणून त्यांना दोष देणं मला पटत नाही. 1976 साली अमेरिकेच्या ऊर्जा संशोधन प्रशासनाने किती पैसा दिला तर फ्यूजन केंद्र कधी उभं राहील, याचे आलेख काढले होते. त्यातल्या सर्वांत कमी निधीच्या पर्यायात केंद्र कधीच उभं राहत नव्हतं. पुढच्या काळात प्रत्यक्ष निधी त्याच्याही खाली राहिला. पैसा तोडायचा आणि मग ‘शास्त्रज्ञ नुसत्या तारखा देतात’ म्हणायचं, हे न्यायाचं नाही.

गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य हे टोकामॅक 1989 पासून आहे. डॉ. प्रेधिमान कौ यांनी ही संस्था घडवली. तिथल्याच एसएसटी-1 या अतिवाहक चुंबकांच्या यंत्रात 2013 मध्ये प्लाझ्मा मिळाला. 1000 सेकंदांच्या प्लाझ्मासाठी आखलेल्या या यंत्रात तो प्रत्यक्षात एक सेकंदभरही टिकलेला नाही. माणसं कमी पडली म्हणून हे झालं असं मी मानत नाही. हीच माणसं आयटरसाठी जागतिक दर्जाचं काम करतात. मोठी यंत्रं आणि त्यांचे बदल यांच्यामागे सलग निधी आणि निर्णय लागतात, तिथे आपण तोकडे पडतो.

याच संस्थेतल्या संशोधकांनी 2025 मध्ये एक वाट आखून दाखवली. आधी ‘एसएसटी-भारत’, संमीलन आणि विखंडन (आजच्या अणुभट्ट्यांसारखं जड अणू फोडणं) यांचा संकर असलेलं 130 मेगावॉटचं यंत्र, ज्यात 100 मेगावॉट विखंडनातून येतील. त्यानंतर 2060 पर्यंत 250 मेगावॉटचं प्रात्यक्षिक केंद्र. हा संशोधकांचा प्रस्ताव आहे. सरकारने तो स्वीकारला आहे का, नसेल तर दुसरा कुठला आहे, हे देशाला कळलं पाहिजे.

2060 या सालाकडे आपण नीट पाहावं, ही विनंती. भारताने 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोत दिलं. सगळं सुरळीत झालं तरी पहिलं लहानसं फ्यूजन केंद्र त्याआधी दहा वर्षं येईल. तेव्हा 2070 चं वचन फ्यूजनच्या भरवशावर पाळता येणार नाही. ते सौर आणि पवन वीज, बॅटऱ्या, सह्याद्रीतल्या घाटघरसारखे, पाणी वर चढवून वीज साठवणारे उदंचन जलविद्युत प्रकल्प, पारेषण वाहिन्या आणि आजच्या तंत्राची अणुवीज यांनीच पाळावं लागेल. स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला, हे खरं. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या वर आहे, आणि 2031-32 पर्यंत आणखी किमान 80 गिगावॉट कोळसा क्षमता उभी करण्याचं केंद्र सरकारने जाहीर केलं आहे.

आज मंजूर होणारं औष्णिक केंद्र 2030 नंतर सुरू होईल आणि 2060 च्या आगेमागे म्हातारं होईल. ते बंद करताना त्या जागी काय उभं करायचं, हा प्रश्न तेव्हाच्या खासदारांपुढे येईल. त्यांच्या हातात पर्याय असेल की पुन्हा कोळसाच, हे मात्र आज आपण ठरवताय. तीस-पस्तीस वर्षांनी लागणाऱ्या तंत्राची माणसं आता तयार करावी लागतात. त्या वेळचे मुख्य अभियंते आज माझ्या वर्गात बसले आहेत.

म्हणून अणुऊर्जा विभागाच्या अनुदानाच्या मागण्या सभागृहात येतील तेव्हा काही गोष्टी आपण विचाराव्यात. फ्यूजनचा अधिकृत राष्ट्रीय आराखडा केव्हा येणार आणि त्याची जबाबदारी नेमकी कुणाची? आयटरचा खर्च आणि देशातल्या संशोधनाचा खर्च वेगवेगळा दाखवणार का, म्हणजे एकाच्या वाढीत दुसऱ्याची कपात झाकली जाणार नाही? निधी वर्षावर्षाने न देता निदान दहा वर्षांसाठी बांधून देता येईल का? एक लाख कोटी रुपयांची संशोधन, विकास व नवोन्मेष योजना 2025 मध्ये मंजूर झाली. अतिवाहक चुंबक, जायरोट्रॉन (प्लाझ्मा तापवणाऱ्या सूक्ष्मलहरींचं यंत्र), लिथियम-6 यांवर काम करणाऱ्या लहान कंपन्यांना तिच्यातून वाट आहे का? फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात अणुऊर्जा अभियानासाठी 20,000 कोटींची घोषणा झाली, ती छोट्या विखंडन भट्ट्यांसाठी. त्याला माझा विरोध नाही. पण 2047 पर्यंत 100 गिगावॉट अणुवीज उभारण्याच्या गडबडीत फ्यूजनचा बळी जाऊ नये.

नियमांचंही पाहा. 1962 च्या अणुऊर्जा कायद्याच्या व्याख्येतच विखंडन आणि संमीलन एकत्र बांधलेली होती. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने ‘शांती’ विधेयक मंजूर केलं आणि खासगी कंपन्यांना अणुऊर्जेचं दार उघडलं, पण सगळी चर्चा विखंडनाच्या भट्ट्या आणि अपघाताची भरपाई यांभोवती फिरली. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने एप्रिल 2023 मध्येच फ्यूजनला अणुभट्ट्यांपेक्षा वेगळ्या चौकटीत ठेवायचं ठरवलं. ब्रिटनने त्याच वर्षीच्या ऊर्जा कायद्यात तसंच केलं. आपल्याकडेही ट्रिटियमच्या हाताळणीवर कडक आणि बाकी बाबतीत धोक्याच्या प्रमाणात, असे स्वतंत्र नियम लागतील. ते लिहायला काही वर्षं जातात, तेव्हा यंत्र तयार होण्याची वाट पाहू नये.

आणि एक मागणी चंद्रपूरची म्हणून. ब्रिटन आपलं पहिलं फ्यूजन केंद्र नॉटिंगहॅमशायरमध्ये वेस्ट बर्टन इथे उभारणार आहे. ती जागा बंद पडलेल्या कोळसा वीज केंद्राची आहे. तिथे पारेषण वाहिन्या आहेत, पाणी आहे, टर्बाइन चालवणारी माणसं आहेत. चंद्रपूरचे 210 मेगावॉटचे दोन सर्वांत जुने संच केव्हाच बंद झाले आहेत. पुढे महाराष्ट्रातली जी जुनी औष्णिक केंद्रं बंद होतील, त्यांच्या जमिनी, वाहिन्या आणि पाण्याचे हक्क तुकड्यातुकड्याने विकून टाकू नयेत. आधी सौर, साठवणूक, जे शक्य ते तिथे येऊ द्या, पण विजेसाठीची जागा विजेसाठीच राहील असा ठराव राज्य आणि केंद्र सरकारकडून करून घ्या. इथल्या आयटीआयमध्ये निर्वात वेल्डिंगचा आणि अतिशीत तंत्राचा अभ्यासक्रम सुरू करायला तर फ्यूजन केंद्राची वाट पाहण्याचीही गरज नाही. रुग्णालयांतल्या एमआरआय यंत्रांपासून अवकाश प्रकल्पांपर्यंत आणि हिंगोलीत औंढा नागनाथजवळ येऊ घातलेल्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेपर्यंत या हातांना आजही काम आहे.

आपल्यापैकी जे खासदार हे प्रश्न विचारतील, त्यांनी मिळालेली लेखी उत्तरं आपापल्या मतदारसंघातल्या महाविद्यालयांकडे पाठवावीत. आमच्याकडे आली तर मी ती फळ्याशेजारच्या सूचनाफलकावर लावीन आणि पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक आलं की त्यातले आकडे मुलांना त्या उत्तरांशी ताडून पाहायला सांगीन.

आपली विश्वासू,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका
चंद्रपूर